नाणेघाट, लेण्याद्री, शिवनेरी: जुन्नरच्या दोन दिवसांच्या मार्गदर्शित सहलीविषयी

सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही तिघे, म्हणजे मी, माझ्या बाहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि नववीत शिकणारा मुलगा, जुन्नर परिसराची दोन दिवसांची मार्गदर्शित सहल करून आलो. पुण्याहून नेणे-आणणे, एक मुक्काम, चहा-नाश्ता, तीन जेवणे आणि पूर्ण वेळ स्थानिक वाटाड्या यांसाठी माणशी ४,८०० रुपये घेतले गेले. गाडी सतरा आसनांची होती आणि आम्ही चौदा जण होतो. संयोजकांचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या तक्रारी खाली लिहिणार आहे त्या त्यांना थेट कळवल्या आहेत आणि सुधारणेसाठी त्यांना वेळ मिळावा अशी माझी इच्छा आहे. शिवाय या स्वरूपाची सहल आता अनेक जण काढतात. २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला आणि जुलै २०२५ मध्ये शिवनेरीचा समावेश असलेल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून या भागात येणाऱ्यांची आणि त्यांना फिरवून आणणाऱ्यांचीही संख्या वाढते आहे. अशी सहल निवडताना काय पाहावे, हे सांगण्याला त्यामुळे अधिक उपयोग आहे असे मला वाटते.

मी या सहलीची निवड केली ती तिच्या क्रमामुळे. बहुतेक संयोजक सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री आणि संध्याकाळी ओझर असा एका दिवसाचा कार्यक्रम ठेवतात, आणि नाणेघाट हा पावसाळ्यात उलट्या धबधब्याच्या छायाचित्रासाठी वेगळा विकला जातो. या सहलीत मात्र सुरुवात नाणेघाटातून होती. कोकणातल्या बंदरांकडून घाटमाथ्यावर येणारा व्यापारी जेथून वर चढत असे तेथून निघायचे आणि त्याच्याच वाटेने जुन्नरच्या बाजारपेठेकडे उतरायचे, असा तो बेत होता. जुन्नरच्या आसपास डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी का खोदली गेली, त्यांना पैसा कोणी दिला, जीवधन, हडसर आणि चावंड हे किल्ले नेमके त्याच जागी का उभे राहिले, या सर्वांचे उत्तर त्या एका वाटेत आहे, आणि हे ओळखून आखलेला कार्यक्रम मला प्रथमच दिसला.

पहिल्या दिवशी पुण्यातून निघायलाच पाऊण तास उशीर झाला. चार ठिकाणी थांबून प्रवासी घेण्याऐवजी दोनच ठिकाणे ठेवली असती तर हा वेळ वाचला असता. नारायणगावला नाश्ता झाला आणि जुन्नर मागे टाकून गाडी पश्चिमेला वळली, तेव्हा माणिकडोह धरणाचे पाणी आणि त्यामागे चावंडचा उभा कातळ दिसू लागला. पाऊस जवळजवळ ओसरला होता आणि उतारांवर सोनकी फुलली होती. जुन्नरमध्ये गाडीत चढलेल्या आमच्या वाटाड्याने येथेच बोलायला सुरुवात केली, आणि त्याच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या सहलीचे खरे मोल त्याच्यात होते.

हा घाटघर परिसरातल्या महादेव कोळी कुटुंबातला पंचविशीतला तरुण. त्याने काहीही पाठ करून म्हटले नाही. एखादे नाव किंवा सन सांगण्याआधी तो जमीन दाखवत असे: पाणी कोठे मुरते, बैल कोठून चढू शकतो, कोणत्या डोंगरावरून कोणती खिंड नजरेत येते. हिरडा कधी वेचतात, बाळहिरड्याला भाव कसा मिळतो, पूर्वी मीठ कोणत्या वाटेने वर येत असे, हे तो त्याच ओघात सांगे. सासूबाईंना तो ‘आजी’ म्हणत होता आणि प्रत्येक उतारावर न सांगता त्यांच्या एक पायरी पुढे उभा राहत होता. आख्यायिका सांगताना ‘आमच्याकडे असं सांगतात’ आणि शिलालेखातले सांगताना ‘हे इथं लिहिलेलं आहे’ असा फरक तो दर वेळी करत असे. गडांवर आणि देवस्थानांत भेटणाऱ्या कितीतरी मार्गदर्शकांकडून मला ही शिस्त पाहायला मिळालेली नाही, आणि माझ्या मते कोणत्याही ऐतिहासिक सहलीची पहिली कसोटी हीच असावी.

नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकात गोळा करण्यासाठी तो वापरत असावेत, असे मानले जाते. तेथून घळीतून दगडी टप्प्यांवरून थोडे खाली उतरले की डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेला लेख असणारी लेणी येते. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्याची भाषा प्राकृत आहे, आणि अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण नाण्यांची त्यात मोजदाद आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स यांनी या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच्या वाचनाचे मोठे काम केले. माझ्या मुलाला मात्र त्यातले अंक भावले. शंभर आणि हजार यांसाठी वेगळी चिन्हे आहेत, शून्याची जागा नाही, तरीही हजारांच्या संख्या लिहिलेल्या आहेत, हे वाटाड्याने त्याला जाळीबाहेरच्या मातीत काडीने काढून दाखवले. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्यांची केवळ पावले उरली आहेत आणि वर नावे आहेत. त्या नावांत सिमुक सातवाहन, श्री सातकर्णी आणि देवी नायनिका ही नावे वाचली गेली आहेत. मूर्ती गेल्या आणि अक्षरे राहिली, हे पाहताना आमच्यातले कोणीच बराच वेळ बोलले नाही.

येथे आम्हांला दीड तास दिला गेला आणि तो पुरेसा होता. वाटाड्याने आत जाण्यापूर्वीच भिंतीला हात लावू नये, लेखावर पाणी शिंपडून छायाचित्र काढू नये, असे स्पष्ट सांगितले, आणि आमच्या आधी आलेल्या एका गटाने टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या स्वतः उचलून पिशवीत भरल्या. कड्याच्या टोकाशी, म्हणजे नानाच्या अंगठ्यावर, वाऱ्याचा जोर फार असतो. तेथे कोणी किती पुढे जायचे याची रेघ त्याने आखून दिली आणि ती पाळली जाते की नाही यावर लक्षही ठेवले. समोर खाली कोकणचा उतार, दूर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, डाव्या हाताला जीवधन आणि त्याला बिलगून उभी असलेली वानरलिंगी, हे दृश्य पाहायचे असेल तर सूर्यास्ताच्या आधीचा तास निवडावा. आम्ही त्यासाठी पुन्हा तेथे गेलो आणि तो निर्णय योग्य ठरला. एक सूचना मात्र आवश्यक आहे. लेणीकडे उतरणारे टप्पे पावसानंतर शेवाळलेले असतात. सासूबाई उतरू शकल्या त्या केवळ वाटाड्याच्या आणि माझ्या आधाराने. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी माथ्यावरच थांबावे आणि संयोजकांनी हे नोंदणीच्या वेळीच सांगावे. आम्हांला ते कोणीही सांगितले नव्हते.

मुक्काम घाटघर गावातल्या एका घरी होता. स्त्रियांसाठी वेगळी खोली होती, अंथरुणे स्वच्छ होती, आणि स्वच्छतागृह घरापासून वीस पावलांवर असले तरी तेथे दिवा आणि पाणी होते. रात्री तांदळाची भाकरी, उडदाची आमटी, रानभाजी आणि भात असे जेवण मिळाले, ते साधे होते आणि उत्कृष्ट होते. भाड्यातला किती भाग या घराला मिळतो हे मी संयोजकांना विचारले आणि त्यांनी न चुकवता आकडा सांगितला, याचे मला समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर गावचे कुकडेश्वराचे मंदिर पाहिले. कुकडी नदीच्या उगमाजवळचे हे शिवमंदिर झंझ राजाने नद्यांच्या उगमांपाशी बांधलेल्या बारा मंदिरांपैकी एक असल्याचे सांगतात. त्यावरचे कोरीव काम निवांत पाहावे असे आहे. त्यानंतर कार्यक्रमात नसलेली तुळजा लेणी वाटाड्याने आग्रहाने दाखवली. येथले चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह, वर्तुळाकार आहे. बारा साध्या अष्टकोनी खांबांचे रिंगण, मध्ये स्तूप आणि वर घुमटासारखे छत, अशी त्याची रचना आहे. कार्ले किंवा भाजे येथील लांबट चैत्यगृहांची सवय झालेल्या डोळ्यांना ती अगदी वेगळी वाटते. वीस मिनिटांची ही जोड सहलीतला सर्वांत अनपेक्षित आनंद होता, आणि ती कार्यक्रमात कायमची असावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

लेण्याद्रीला आम्ही दहाच्या सुमारास पोहोचलो. सासूबाई या सहलीला आल्या त्या गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, त्या बांधीव आहेत आणि ठिकठिकाणी बसता येते. डोलीचीही सोय आहे, पण तिचे पैसे सहलीच्या शुल्कात नाहीत आणि ते किती पडतील हे खाली उभे राहून ठरवावे लागते. आमच्या गटातल्या एका वृद्ध गृहस्थांना ही घासाघीस ऐन वेळी करावी लागली, ते योग्य नव्हते. माकडे पुष्कळ आहेत, म्हणून प्रसादाची पिशवी हातात दिसू देऊ नये. पुरातत्त्व खात्याचे तिकीट दर्शनाला जाणाऱ्यांनाही काढावे लागते, ते मात्र संयोजकांनी आधीच काढून ठेवले होते.

गिरिजात्मज ज्या लेणीत आहे ती मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार आहे. सुमारे सत्तावन्न फूट लांब आणि एक्कावन्न फूट रुंद असलेल्या त्या दालनात मध्ये एकही खांब नाही. तीन बाजूंना मिळून वीस खोल्या आहेत, आणि मागच्या भिंतीच्या मधल्या भागात गणपतीची स्थापना आहे. सासूबाईंनी दर्शन घेतले, एका कोपऱ्यात बसून अथर्वशीर्षाचे आवर्तन केले आणि मग वाटाड्याला विचारले, ‘या खोल्यांतून कोण राहायचं रे बाळा?’ त्याने पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या भिक्खूंचा वर्षावास समजावून सांगितला. त्या ऐकत राहिल्या आणि उठताना त्या खोल्यांच्या दिशेनेही त्यांनी हात जोडले. देवस्थान आणि पुरातन वास्तू अशी दोन खाती करून एकाचे महत्त्व दुसऱ्याने झाकण्याची सवय आपल्याकडे आहे. या वाटाड्याने ती पाळली नाही, आणि भाविकांच्या मनालाही कोठे धक्का लागू दिला नाही.

त्याच डोंगरातली सहाव्या क्रमांकाची लेणी, म्हणजे चैत्यगृह, बहुतेक भाविक ओलांडून पुढे जातात. आमच्यासोबत आलेल्या सर्वांना तेथे थांबवले गेले. खांबांच्या माथ्यावर हत्ती, सिंह असे प्राणी कोरलेले आहेत. येथल्या शिलालेखात हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान असल्याचे नोंदवले आहे. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. हे वाक्य ऐकताच माझा मुलगा म्हणाला, ‘म्हणजे तो काल आपण पाहिलेल्या घाटाने वर आला असणार!’ तो नेमका त्याच वाटेने आला असे कोणताही लेख सांगत नाही, आणि वाटाड्यानेही त्याला तसेच उत्तर दिले. पण कल्याण, नाणेघाट आणि जुन्नर हा जोड त्या मुलाच्या मनात स्वतःहून बसला, आणि त्याचे श्रेय सहलीच्या क्रमाला आहे. हीच लेणी आम्ही पहिल्या दिवशी, घाट न पाहता पाहिली असती, तर सुलसदत्त हे आणखी एक विसरून जाण्यासारखे नाव राहिले असते.

यानंतरच्या भागाविषयी मला खेदाने लिहावे लागते. शिवनेरीच्या पायथ्याशी आम्ही दुपारी सव्वा वाजता उतरलो. ऊन कडक होते, पोटात सकाळच्या पोह्यांशिवाय काही नव्हते, आणि वर-खाली मिळून केवळ दीड तास देण्यात आला. सात दरवाजांच्या वाटेने चढून शिवाई देवीच्या मंदिरात दर्शन घ्यायचे, गंगा-जमुना टाक्यांचे थंड पाणी पाहायचे, अंबरखाना आणि कमानी मशीद पाहायची, शिवजन्मस्थानाच्या वास्तूत दोन क्षण शांत उभे राहायचे, बदामी तलावापर्यंत आणि कडेलोट टोकापर्यंत जायचे, हे सर्व दीड तासात करणे म्हणजे धावणे आहे. आम्ही जन्मस्थानापर्यंत पोहोचलो आणि परत फिरलो. सासूबाई शिवाई देवीपाशीच थांबल्या.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म या गडावर झाला, विजयराज विश्वासराव तेव्हा येथले किल्लेदार होते आणि शहाजीराजांनी जिजाऊंना त्यांच्या भरवशावर येथे ठेवले होते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु हाच गड शिवरायांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही, १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहरावर छापा घातला तरी गड मोगलांकडेच राहिला, हे गडावर उभे राहून ऐकले की त्या उभ्या कातळाचा अर्थ वेगळा कळतो. सतराव्या शतकात येथे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराने हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतकी शिधासामग्री गडावर असल्याचे लिहून ठेवले आहे. वाटाड्याने हे सर्व सांगितले, पण चढता चढता, धापा टाकणाऱ्या माणसांना. त्याचा यात दोष नव्हता. घड्याळ त्याच्या हातात नव्हते, ते गाडीत बसलेल्या व्यवस्थापकाच्या हातात होते आणि दर पंधरा मिनिटांनी त्याचा फोन येत होता.

माझी सर्वांत मोठी तक्रार आणखी पुढची आहे. शिवनेरीच्या कातळात, विशेषतः पूर्व बाजूला, बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतील एका लेखात यवन चिट याने संघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात यवन इरिल याने पाण्याची दोन टाकी दिल्याचे म्हटले आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. नाणेघाटातून सुरू केलेल्या कथेचा नैसर्गिक शेवट येथे होता: समुद्रापलीकडून आलेली माणसे या बाजारपेठेत स्थिरावली आणि त्यांनी येथल्या भिक्खूंच्या जेवणाची आणि पाण्याची सोय केली. सहलीच्या माहितीपत्रकात ‘शिवनेरी व लेणी’ असे छापलेले होते. प्रत्यक्षात त्या लेण्यांचा उल्लेखही झाला नाही. या बाजूची वाट अवघड आहे आणि सर्वांना ती झेपणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी वेगळा तास ठेवता आला असता आणि इतरांना निदान ते लेख खालून समजावून देता आले असते. माहितीपत्रकात लिहिलेली गोष्ट दाखवली नाही तर ती का दाखवली नाही, एवढे सांगण्याची तरी जबाबदारी संयोजकांवर असतेच.

हा सर्व वेळ गेला तो ओझरमुळे. जेवण साडेतीन वाजता मिळाले (मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी, अत्यंत चविष्ट, पण त्या वेळेपर्यंत लहान मुले आणि वृद्ध कासावीस झाले होते) आणि तेथून विघ्नेश्वराच्या दर्शनासाठी गाडी ओझरला नेण्यात आली. अष्टविनायकांपैकी दोन स्थाने पदरात पडावीत अशी प्रवाशांची मागणी असते, असे कारण मला देण्यात आले. मागणी खरी असेलही. पण त्या दिवशी रांग लांब होती, आम्हांला मुखदर्शन घेऊनच परतावे लागले, आणि परतीच्या प्रवासात सासूबाईच म्हणाल्या की, ‘घाईत घेतलेल्या दर्शनापेक्षा मी देवीपाशी अजून थोडी बसले असते.’ नदीकाठचे ते सुंदर देवस्थान स्वतंत्र दिवसाचे आहे.

माझे मत विचारले तर ही सहल मी पुन्हा घेईन, परंतु संयोजकांनी दुसऱ्या दिवसाचा क्रम बदलल्यावरच. सकाळी सात वाजता शिवनेरीच्या पायथ्याशी पोहोचून तेथे किमान साडेतीन तास द्यावेत, उन्हाच्या वेळी लेण्याद्रीच्या सावलीत जावे, जेवण एक वाजेपर्यंत व्हावे, आणि ओझर पूर्णपणे वगळावे. मुक्काम घाटघरऐवजी जुन्नरजवळ केला तर हे सहज जमते, पण मग ते घर आणि तो सूर्यास्त जाईल, म्हणून मी पहाटे पाचला निघण्याचा पर्याय सुचवला आहे. लेण्यांची आवड असणाऱ्यांनी जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यांसाठी तिसरा दिवस हाताशी ठेवावा. स्त्री प्रवाशांसाठी एक नोंद: नाणेघाटाच्या माथ्यावर आणि तुळजा लेणीपाशी स्वच्छतागृहाची सोय आम्हांला मिळाली नाही. संयोजकांनी वाटेतल्या एखाद्या घराशी आधी बोलून ठेवणे अगदीच शक्य होते.

जे अशी सहल निवडणार आहेत त्यांनी नोंदणीपूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: वाटाडा त्याच परिसरातला आहे का, आणि प्रत्येक ठिकाणी वेळ किती हे ठरवण्याचा अधिकार त्याला आहे का. आमच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर होय होते आणि दुसऱ्याचे नाही. निरोप घेताना त्या तरुणाने माझ्या मुलाला स्वतःहून सांगितले की, हिवाळ्यात वाटा कोरड्या झाल्या की फोन कर, पूर्वेकडची लेणी मी तुला दाखवतो. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दोघे तेवढ्यासाठी पुन्हा जाणार आहोत.